निळ्या धाग्याच्या कळ्या

ढोबळ्या मिरचीच्या कळीत नराच्या काड्या किती असतात, असं बेबीनंदाला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं: पाच, नाहीतर सहा, एखादी कळी आगाऊ असली तर सात. सतरा वर्षं ती हेच करत आली होती. उद्या उमलणारी कळी आज दुपारी डाव्या चिमटीत धरायची, उजव्या हातातल्या चिमट्यानं पाकळ्या उकलायच्या, आतल्या जांभळट काड्या एकेक करून उपटायच्या, मधली मादीची काडी तेवढी शाबूत ठेवायची, देठाला आपल्या रंगाचा धागा बांधायचा आणि पुढच्या कळीला हात घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, की झालं संकरित बी. पण नराची एक काडी जरी आत राहिली तरी कळी आपली आपणच फळते आणि तिचं बी वाया जातं. अशा कळीला शेडनेटमध्ये 'सेल्फ' म्हणत. म्हणत म्हणजे शिवी द्यावी तसं म्हणत.

आणि त्या दुपारी बेबीनंदाला पाचवी काडी दिसत नव्हती.

उजव्या डोळ्यापुढं पोळ्यापासून कुणी दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. डावा त्याच वाटेनं निघाला होता. मग तिनं हातानं बघायला सुरुवात केली. चिमट्याच्या टोकाला काही अडकलं तर उपटायचं, नाही अडकलं तर नाही असं समजायचं. समजायचं! सतरा वर्षांत या शब्दाला तिनं नेटच्या दारातून आत येऊ दिलं नव्हतं. नव्या पोरींना ती स्वतः सांगायची, "समजायचं न्हाई बाई, बघायचं." आता तीच समजत बसली होती, आणि समजूनच निळा धागा बांधत होती.

नेट रखमाजीच्या रानात होतं, वीस गुंठ्यांचं. पण नेट उभं केलं ते रखमाजीच्या बायकोनं, उषाबाईनं. रखमाजी फक्त सह्या करायचा आणि चारचौघांत 'आमचं नेट' म्हणायचा. बी जायचं हॉलंडला. धावडा गावच्या माणसाला हॉलंड कुठं आहे हे माहीत नसलं तरी चालेल, पण या मिरचीनं गावाला फार कोड्यात टाकलं होतं. कारण ती तिखटच नव्हती. ज्या गावात मिरची वाळत घातली की रस्त्यानं जाणारा शिंकत जातो, त्या गावानं उभा हंगाम खपून गोडी मिरची पिकवायची आणि ती सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी काकडीसारखी कच्ची खायची! मिरची तिखट नसेल तर तिला मिरची म्हणायचंच कशाला, असं सगळ्यांनी पहिल्या साली विचारलं. दुसऱ्या साली विचारलं नाही, कारण तोवर बायकांच्या हातात रोजचा रोज पैसा यायला लागला होता.

पैशापरीस मोठी गोष्ट आणखी एक होती, आणि ती कुणी ठरवून केली नव्हती. बेबीनंदाच्या आईनं रखमाजीच्या बापाच्या याच रानात निंदणी केली होती, आणि तहान लागली की बांधावर ओंजळ धरून वरून ओतलेलं पाणी प्याली होती. नेट आलं तेव्हा बी घेणाऱ्या कंपनीनं नियम घातला: मधमाशी आत शिरता कामा नये, म्हणून दाराला दोन पडदे, आणि एकदा आत गेलेल्या बाईनं जेवणाच्या सुट्टीशिवाय बाहेर यायचं नाही. पाणी आतच ठेवा. मग आत एकच माठ आला, आणि माठावर एकच पेला. उषाबाई स्वतः ओळीत बसायची. पहिल्या दिवशी पेला हातात घेऊन ती क्षणभर थांबली होती, हे बेबीनंदानं तेव्हाच्या धडधाकट डोळ्यांनी पाहिलं होतं. मग प्याली. घसा सुकला की माणूस पितोच. जे किती भाषणांनी झालं नाही ते मधमाशीच्या भीतीनं झालं, आणि बेबीनंदाला त्याचं हसूही यायचं आणि रागही.

नेटमध्ये जात नव्हती, हात होता. आणि हातात बेबीनंदाच्या तोडीचं कुणी नव्हतं. कुणाची कळी कोणती हे कळावं म्हणून चौदा बायकांचे चौदा रंगांचे लोकरीचे धागे होते. पहिल्या साली रंग वाटले तेव्हा बेबीनंदानं कुणाला बोलू न देता निळा उचलला होता. उषाबाईचा लाल. निळ्या धाग्याची कळी तपासायची नसते, असं आता कंपनीची माणसंही म्हणत. लेक प्रिया संभाजीनगरला नर्सिंग शिकत होती ती या निळ्या धाग्यावर. म्हणून ती नजर गेली तर नुसती नजर जाणार नव्हती.

तिनं काहीच केलं नाही असं नाही. भोकरदनच्या शिबिरात जाऊन आली होती. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन फुकट होईल, बिलकुल पहिल्यासारखं दिसेल. पण महिनाभर धूळ, घाम, फवारणी काही नको. महिनाभर! क्रॉसिंगचा, म्हणजे पराग लावायचा, हंगामच दोन महिन्यांचा. तिनं मनाशी हिशेब मांडला, हंगाम काढू, मग डोळा काढू. आणि तोंडाला कुलूप लावलं, ते शालूमुळं. शालू तिच्याच बरोबरीची. मागच्या साली ती भाबडेपणानं चष्मा लावून नेटात आली. कंपनीचा सुपरवायझर कल्याण, मंठ्याकडचा पोरगा, वागायला गोड, तो म्हणाला, "मावशी, तुम्ही आता डोळ्यांना आराम द्या. पुढचं पुढं बघू." ते पुढचं अजून यायचं होतं. शालू आता बाहेर कापूस वेचते आणि नेटजवळून जाताना जाळीतून आत कोण बसलंय ते बघत जाते. बेबीनंदाला आतून तिची नुसती सावली दिसायची, आणि ती मान खाली घालायची.

सोमवारी कल्याणनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "गुरुवारी हॉलंडच्या मॅडम येणार. त्यांना शंभरात दोनच्या वर सेल्फ चालत न्हाई. जास्ती निघाले तर प्लॉट बाद, आणि प्लॉट बाद झाला तर कंपनी दुसरं गाव बघते. गाव काय, दुसरा देश बघते. त्यांना काय, जग मोकळं हाये."

मग तो बेबीनंदाकडं वळून हसला. "पर आपल्याला घोर न्हाई. आपण मॅडमला मावशीची ओळ दाखवू. मोबाइलला लावायचं भिंग आणलंय, कळी ताटाएवढी दिसती."

सगळ्या बायका हसल्या. उषाबाईनं कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारली. बेबीनंदाही हसली, आणि चिमटा उचलून ओळीत जाऊन बसली.

मंगळवारी तिनं निम्म्याच कळ्या काढल्या, पण चारचारदा चाचपून. बुधवारी शेजारच्या ओळीतल्या दैवशालाचा पिवळा धागा संपला. दैवशाला गावातली नवी सून, हात हळू, पण जीव लावून काम करणारी. ती म्हणाली, "मावशे, घंटाभर तुमचा धागा देता का? सांच्याला पिवळा येऊन राह्यलाय." बेबीनंदानं मूठभर निळा धागा दिला. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. उद्या सांगावं का? की आज सांगावं? की काहीच सांगू नये? भिंगाखाली नेमक्या चांगल्या कळ्या आल्या तर? चांगल्याही असतीलच की. सगळ्याच कशा वाईट असतील? असं ती स्वतःला दहादा म्हणाली. घरी गेल्यावर भाकरीत दोनदा मीठ पडलं, नवरा साहेबराव घासागणिक पाणी पीत जेवला.

गुरुवारी मॅडम अकराला येणार होत्या. कल्याण आठलाच आला. मोबाइलला भिंग लावलं, तो मोठ्या टॅबला जोडला, आणि टॅब माठाजवळ उभा करून बायकांना म्हणाला, "या, बघा तर खरं आपलं काम." लाल धाग्याची कळी उघडली. पडद्यावर मादीची काडी एकटीच उभी, आजूबाजूला साफ. हिरवी, साफ. पिवळीत एक बारीकसा तुकडा निघाला, दैवशाला शरमली. "शिकशील," कल्याण म्हणाला, "आता बघ कळी कशी काढतात ते," आणि त्यानं निळ्या धाग्याची कळी तोडून आणली.

बेबीनंदा मागं उभी होती. तिला पडद्यावर नुसता पांढरा-जांभळा धूर दिसत होता. पण तिला बायकांचे चेहरे बघायची गरज नव्हती. बोलणं थांबलं, तेवढ्यावरून तिला कळलं.

"ही कशी काय," कल्याण म्हणाला. तो दुसरी निळी घेऊन आला. मग तिसरी. दहा कळ्या उघडल्या. चारांत काड्या होत्या, एकीत तर दोन, चांगल्या बोटाएवढ्या दिसणाऱ्या. उषाबाईनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला.

"हे मावशीचं काम न्हाई," कल्याण ठामपणे म्हणाला. त्याचा आवाज चढला, कारण तोही घाबरला होता. प्लॉट बाद तर सुपरवायझरही बाद. "हे मावशीकडून होणंच न्हाई. निळा धागा आणखी कोणापाशी हाये?"

दैवशालानं हळूच हात वर केला. खोटं बोलायचं तिला सुचलंच नसावं. "काल म्या घेतल्ता. घंटाभर."

"घंटाभर? का रोज? आपलं काम खराब, ते झाकायला मावशीचा धागा?"

"न्हाई हो दादा, देवाशप्पथ घंटाभरच!"

उषाबाई घाईनं पुढं झाली. "कल्याण, हिच्या आसपासच्या निळ्या कळ्या काढून टाकू. शे-दोनशे जातील, जाऊ दे. हिला आजच घरी पाठव. बाकीचा प्लॉट वाचल."

ऐकायला किती सोपं होतं! एका पोरीनं चपला घालायच्या आणि दोन पडदे ओलांडून बाहेर जायचं, की सगळं जागच्या जागी. बेबीनंदाला त्या क्षणी, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. छातीतला धोंडा बाजूला झाल्यासारखं. आणि लगेच तिला स्वतःची किळस आली. दैवशाला चप्पल शोधत होती, आणि ती डाव्या पायाची उजव्या पायात घालत होती.

"तिचं न्हाई ते," बेबीनंदा म्हणाली. "माहं हाये."

"मावशी, तुम्ही कशाला तिला पाठीशी घालता?"

"पाठीशी न्हाई घालून राह्यले. मला दिसत न्हाई. उजव्यानं बिलकुल न्हाई, डाव्यानं थोडं थोडं. मोतीबिंदू हाये. पोळ्यापासून."

कल्याणनं मोबाइल खाली ठेवला. "पोळ्यापासून? मावशी, महिना झाला! तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

पुढं जे व्हायचं ते तिला ठाऊकच होतं. निळा धागा म्हणजे दोनशे कळ्या नव्हेत. निळा धागा म्हणजे या महिन्यातलं सगळ्यात जास्त काम, कारण सगळ्यात झपझप चालणारा हात तिचाच. प्लॉटमध्ये एक सेल्फ राहिला तरी बियाच्या पोत्यात मिसळणार. कल्याणनं घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाला, पोळ्यानंतरचं सगळं निळं अकराच्या आत तोडायचं. लहान फळं, कळ्या, सगळं. तुमचं काम आजपर्यंतच, हेही त्यानं सांगितलं, पण त्याच्या नेहमीच्या गोड तऱ्हेनं: "मावशी, तुम्ही ऑपरेशन करून घ्या. पुढचं पुढं बघू."

उषाबाईनं बेबीनंदाकडं पाहिलं नाही. ती खाली वाफ्याच्या कडेला बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून नुसती बसून राहिली. सतरा वर्षांत ती कामाच्या वेळी अशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बेबीनंदाला बरं वाटलं असतं.

धागे तिला दिसत होते, एवढं मात्र होतं. काडी दिसत नव्हती, पण हिरव्या पानांतला निळा रंग दिसत होता. ती पहिल्या ओळीत शिरली आणि तोडायला लागली. स्वतः उकललेल्या, स्वतः बांधलेल्या, अंगठ्याएवढ्या, लिंबाएवढ्या मिरच्या. यातल्या निम्म्याहून जास्त चांगल्या होत्या, हे तिला माहीत होतं. कोणत्या, ते माहीत नव्हतं. थोड्या वेळानं शेजारच्या ओळीत दैवशाला तोडायला लागली, मग बाकीच्याही. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी थट्टा केली नाही. कल्याण मध्येच येऊन एका मोठ्या फळाला बोट लावून म्हणाला, "ही पोळ्याआधीची दिसती. ही ठेवू का, मावशी? तुम्ही सांगाल तसं." अजून तो तिलाच विचारत होता. तिनं ते फळ हातात धरलं, वजन पाहिलं. पोळ्याच्या दिवशी तिला कळलं की दिसत नाही. पण त्याआधी चार-आठ दिवस दिसत होतं कशावरून?

"न्हाई सांगता येत," ती म्हणाली, आणि तेही तोडलं.

अकराला मॅडम आल्या. उंच, तांबूस चेहऱ्याच्या, पायांत चिखलाचे बूट, डोक्यावर गावातूनच घेतलेली टोपी. दोन पडदे त्यांनी नियमानं एकामागून एक लावले. आत सगळ्या बायका वाकून तोडतायत आणि मधोमध निळ्या धाग्यांच्या मिरच्यांचा ढीग पडलाय, हे पाहून त्यांनी कल्याणला काहीतरी विचारलं. कल्याण हसून भराभर इंग्रजीत सांगायला लागला. बायकांना त्यातलं 'क्वालिटी' कळलं, कारण तो शब्द तीनदा आला. मॅडमचा चेहरा खुलला. शंका आलेलं फळ एवढ्या निर्दयपणे तोडणारा प्लॉट त्यांनी कुठं पाहिला नव्हता म्हणे. त्यांनी लाल धाग्याच्या, हिरव्या धाग्याच्या कळ्या भिंगाखाली पाहिल्या, अंगठा वर केला, आणि मग ढिगाजवळ उभ्या असलेल्या वयस्क बाईचा फोटो मागितला. ही कोण, असं विचारलं असावं, कारण कल्याण म्हणाला, "बेस्ट वर्कर."

बेबीनंदा आपल्याच नासाडीशेजारी उभी राहिली आणि फोटो निघाला. तो आता हॉलंडच्या कुठल्यातरी भिंतीवर लागेल, असं तिच्या मनात आलं. मॅडमनं तिचा हात हातात घेतला, बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि पुन्हा काही विचारलं.

"मावशी, त्या म्हणतात तुम्हाला काही सांगायचंय का," कल्याण म्हणाला. आणि हळूच, "चांगलं बोला."

बेबीनंदाला वाटलं, मान हलवावी आणि सुटावं. पण उद्या घरी बसायचं होतं. परवा शालूसारखं जाळीबाहेरून आत बघायचं होतं. एवढ्या लांबून आलेलं माणूस परत कधी समोर उभं राहणार होतं?

"त्यांना विचार," ती म्हणाली, "सतरा वर्सं कळ्या काढून राह्यले मी. माही नजर गेली म्हणून हे समदं तोडाया लागलं. आता म्या डोळा नीट करून आले, तर मला परत आत घेतील का? मला, अन् शालूला. घेणार असतील तर तसं सांगून जाय म्हणा. पुढचं पुढं बघू, असं नको."

कल्याण मॅडमकडं वळला आणि हसून म्हणाला, "शी सेज थँक यू."

बेबीनंदाला इंग्रजी येत नव्हतं. पण थँक यू काय आहे हे धावड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. ती एवढं बोलली होती, आणि त्याचे दोन शब्द झाले होते. मॅडमनं खुश होऊन हात जोडले, "नमस्ते, नमस्ते" म्हणाल्या आणि दाराकडं वळल्या.

"ए कल्याण."

उषाबाई होती. तोडणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोलली. ती वाफ्याच्या कडेवरून उठली, गुडघ्यावर हात टेकत, आणि दाराच्या आणि मॅडमच्या मधे येऊन उभी राहिली. चौपन्न वर्षांची बाई. सकाळी सुई ओवायला तिलाही सुनेला हाक मारावी लागत होती, पण हे तिनं नेटात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"ती एवढंच न्हाई बोलली. बराबर सांग. समदं सांग."

"काकू, प्लॉट तुमचाच हाये. मी तुमच्यासाठीच तर..."

"माह्या प्लॉटचं मी बघीन. तू सांग."

मॅडम एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होत्या. कल्याणनं बोलायला सुरुवात केली, हळूहळू, या वेळी न हसता. तो बराच वेळ बोलत होता. मध्ये एकदा त्यानं ढिगाकडं हात केला, एकदा स्वतःच्या डोळ्याकडं.

बेबीनंदा जागची हलली नाही. मॅडमचा चेहरा तिला धुक्यातल्यासारखा दिसत होता. त्यावरचं हसू आहे की गेलं, भुवया चढल्यात की डोळे ओलावलेत, काही म्हणता काही कळेना. तिनं हात लांबवून उषाबाईचं मनगट घट्ट धरलं.

"काय दिसून राह्यलं?" तिनं विचारलं.

"थांब," उषाबाई म्हणाली. "ऐकून राह्यली ती."